धनराज आला की बेसिनवर गर्दी

धनराज दारातून आत आला की माणसं हात धुवायला लागत.

हे ऐकायला अपमानास्पद वाटतं, पण तेच त्याचं काम होतं. नाशिकमधल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात तो इन्फेक्शन कंट्रोल नर्स होता. म्हणजे पेशंट ज्या दुखण्यासाठी आला ते सोडून दुसरं एखादं दुखणं त्याला रुग्णालयानं आपल्या पदरचं देऊ नये, यावर लक्ष ठेवणारा माणूस. कुणाला लघवीच्या नळीतून ताप चढला, कुणाचे टाके पिकले, कोणता डॉक्टर एका पेशंटला हात लावून तसाच दुसऱ्याकडे गेला, हे सगळं बघायचं आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायचं. वाचताना समोरचे मोबाईल बघत. मोबाईलवर किती जंतू असतात, हे पुढच्या महिन्याच्या वाचनात येई.

पूर्वी तो वॉर्डातला साधा ब्रदर होता. तेव्हा त्याला मित्र होते. डबा खाताना कुणी त्याच्या भाजीत बोट घाली, कुणी खांद्यावर हात टाकी. या नव्या पदावर आला आणि सगळ्यांचे हात एकदम स्वच्छ होऊन लांब गेले. कँटीनमध्ये तो टेबलाशी बसला की टेबलावरचे लोक उठून हात धुवायला जात आणि परत येऊन दुसऱ्या टेबलावर बसत. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना फक्त जेवताना कुणी बघितलेलं नको होतं.

त्याच्या वाढदिवसाला स्टाफनं केक आणला. त्यानं सुरी उचलली मात्र, सगळे बेसिनकडे वळले. वाढदिवसाचं गाणं दोनदा म्हणून होईल इतका वेळ हात चोळावेत, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. त्यामुळे तेवढा वेळ तो मेणबत्तीसमोर सुरी धरून उभा राहिला. गाणं कुणीच म्हटलं नाही, पण वेळ बरोबर पाळली गेली.

आई नामपूरला कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"लोके हात धोतस का नही, हाई दखाना पगार भेटस तुले?" हात बघायचे पैसे मिळतात हे तिला पटतच नसे, म्हणून हा तिचा कायमचा प्रश्न.

"हो, आई."

"आनि तुले तठे कोनी दोस्त शे का?" हा दुसरा.

त्यावर तो म्हणायचा, "शे ना, एक मावशी शे."

ती मावशी म्हणजे कुसाबाई.

कुसाबाई दुसऱ्या मजल्यावर साफसफाईला होती. कंत्राटदाराची बाई, हरसूलकडची, पन्नाशीच्या पुढची. दुसऱ्या मजल्यावर आयसीयू होता आणि त्याच्या शेजारी ऑपरेशन झालेल्यांचा वॉर्ड. धनराज पहिल्यांदा राउंडला आला तेव्हा सगळा मजला बेसिनला चिकटला, आणि कुसाबाई आपली फरशी पुसत राहिली. त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही नाही धुवायला गेलात?"

"माझे हात सकाळपासनं फिनेलातच हायत," ती म्हणाली. "आता अजून काय धुवायचं? हाडं?"

मग तिनं त्याला नीट न्याहाळलं. "तुमी लय वाळलात हो ब्रदर. चहा घेता का?"

चादरींच्या खोलीमागे जिन्याचं एक वळण होतं. तिथं पायरीवर बसून ती थर्मासच्या झाकणात चहा ओतायची, कधी घरची नागलीची भाकर आणायची आणि खुरासणीची चटणी. भाकर देताना हातानं मोडून द्यायची. स्वतःच्या हातानं. तिच्या हाताला फिनेलचा वास असायचा, आणि त्या वासासकट ती भाकर धनराजला इतकी गोड लागायची, की नियमावलीतलं कोणतं कलम आपण मोडतोय हे त्याला नीट माहीत असूनही तो ते आठवायचा नाही.

तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरचे त्याचे राउंड वाढले. आधी आठवड्यातून दोनदा जायचा तो रोज जायला लागला. कधी सकाळीही, दुपारीही. दुसऱ्या मजल्याच्या लोकांना वाटलं, साहेबांनी आपल्यावर खास नजर ठेवायला सांगितलीय. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, ही सगळी देखरेख एका भाकरीसाठी चालली होती.

*

मग दुसऱ्या मजल्यावर ताप यायला लागले.

आधी आयसीयूत एका बाईला. मग शेजारच्या वॉर्डात एकाचे टाके पिकले. मग पुन्हा आयसीयू. लॅबमधल्या डॉ. अलिशा मॅडमनी पेशंटांचे नमुने काचेच्या प्लेटांवर वाढवले तर सगळीकडे एकच जंतू, लालभडक. प्लेट उजेडात धरली की वाटावं, कुणीतरी कुंकवाचा करंडा सांडलाय.

"सेराशिया," अलिशा मॅडम धनराजला म्हणाल्या. नवीनच शिकून आलेल्या, जंतूंची नावं नातेवाईकांसारखी घ्यायच्या. "याला ओल आवडते. सगळीकडे एकच म्हणजे कुठंतरी एकच घर आहे याचं. शोध."

त्याच आठवड्यात ताप आला तो आयसीयूतल्या गोटीरामबाबांना. बाबा गिरणाऱ्याकडचे, झेंडूची शेती. ट्रॅक्टरवरून पडले होते. तोंडात नळी, त्यामुळे बोलता येत नव्हतं, पण डोळे टक्क उघडे. धनराज त्यांच्याशी बराच वेळ बोलायचा. झेंडूचा भाव, नामपूरच्या कांद्याचा भाव, आईचे फोन. रुग्णालयात आपल्याला पाहून उठून जाऊ न शकणारं माणूस म्हणून त्याला बाबांबद्दल फार आपुलकी होती. बाबा पापण्या मिटून हो म्हणायचे. त्याही आता तापानं जड झाल्या.

आयसीयूच्या इन्चार्ज प्रतिभा सिस्टर. आवाज असा की मॉनिटरचा अलार्म त्यांच्यापुढे दबून वाजायचा. त्या एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाल्या, "धनराज ब्रदर, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही चुलतभावाच्या लग्नाला नामपूरला गेला होतात ना, त्या सबंध आठवड्यात आमच्याकडे एकाला ताप नाही. तुम्ही आलात, ताप आला. हे काय गौडबंगाल आहे?"

लोक हसले. धनराजही हसला. हसून झाल्यावर आपल्या खोलीत गेला आणि आकडे काढून बसला.

सिस्टर खरं बोलत होत्या. तो ज्या दिवसांत मजल्यावर जास्त, त्यानंतर ताप जास्त. तो रजेवर, तर मजला ठणठणीत. संसर्गाचा माग काढायला त्याला शिकवलं होतं, की सगळ्या घटनांमध्ये समान काय आहे ते शोधा. त्यानं शोधलं. समान तोच होता.

"मी खालच्या मजल्यावरही जातो," तो दुसऱ्या दिवशी सिस्टरांना म्हणाला. "तिथं काही होत नाही."

"तिथं तुम्ही टेकता कुठं? इथं तर मुक्कामालाच असता."

संध्याकाळपर्यंत सगळ्या रुग्णालयात झालं, की धनराज ब्रदर पांढऱ्या पायाचे आहेत. एमडी झालेले डॉक्टरही हे म्हणत होते, फक्त ते इंग्रजीत म्हणत होते. मॅनेजर महेश सरांनी बोलावून घेतलं. "धनराज, मला अंधश्रद्धा मान्य नाही. पण सोमवारपासून तू विम्याच्या टेबलावर बसून बघ. बघू फरक पडतो का."

"सर, चार दिवस द्या. घर सापडेल त्या जंतूचं."

"तुझं घर कुठलं म्हणालास?" सरांनी सहज विचारलं, आणि मग स्वतःच खजील होऊन फाईल उघडली.

तो सरळ लॅबमध्ये गेला. "मॅडम, माझे स्वॅब घ्या. सगळे."

अलिशा मॅडमनी त्याचे हात घेतले, नाक घेतलं, घड्याळाचा पट्टा, बुटांचे तळ, खिशातलं पेन, ओळखपत्राची नाडी. दोन दिवसांनी प्लेटा काढल्या. एकीवरही लाल ठिपका नाही.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "इतका स्वच्छ माणूस मी बघितला नाही. तुझ्यावर काही वाढायलाच तयार नाही."

धनराजला बरं वाटायला हवं होतं. घरी जाताना बसमध्ये तो रिकाम्या सीटशेजारी बसून विचार करत राहिला, की आपल्याकडे राहायला जंतूसुद्धा येत नाहीत.

*

उरलेल्या दोन दिवसांत त्यानं ठरवलं, की आपण नसताना मजल्यावर काय होतं ते बघायचं. यात अडचण एवढीच होती, की बघायला आपण असावं लागतं.

म्हणून त्यानं नातेवाइकाचा वेश केला. मळका शर्ट, कानाला मफलर, हातात शहाळ्याची पिशवी, आणि चेहऱ्यावर बिलाची काळजी. आयसीयूच्या मोठ्या काचेबाहेर बाकडी होती, तिथं जाऊन बसला. सिक्युरिटीवाल्यानं त्याला दोनदा उठवून पास विचारला. रोज सलाम करायचा तो माणूस. वेश जमला होता.

शेजारी गोटीरामबाबांची बायको बसली होती, नवसाबाई. तिनं त्याला कधी जवळून पाहिलं नव्हतं. तो आत जायचा तेव्हा तिला बाहेर ठेवायचे.

"तुमचं कोण हाय आत?" तिनं विचारलं.

धनराज गडबडला. "मामा."

"कितव्या नंबरला?"

त्यानं काचेतून पाहिलं आणि सुचेल तो बेड सांगितला. "चार."

चार नंबर रिकामा होता. नवसाबाईनं मान उंच करून त्या दिशेला पाहिलं, तिला लांबचं दिसत नसावं. "लय बारीक झाले वो मामा," ती कळवळून म्हणाली. मग तिनं पिशवीतून पोह्यांचा डबा काढला आणि अर्धे पोहे झाकणात त्याच्यापुढे केले. "खा. आपण खाल्लं नाय तर त्यांना कोण बघल?"

पोहे खात खात तिनं त्याला सगळं विचारलं. लग्न झालं का, आई कुठं असते, रात्री कुठं झोपतोस. मग खणाच्या पुरचुंडीतून अंगारा काढून म्हणाली, "तुझ्या मामाला पन लावीन मी, सोडलं आत तर." धनराजनं झाकणातले उरलेले पोहे संपवले. इतक्या आस्थेनं त्याच्याशी कुसाबाई सोडून कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं, आणि मामा तर नव्हताच.

आत कुणी बेसिनवर गेलं नाही.

एक जण नाही. सिस्टर आल्या, गेल्या, सलाईन बदललं, हातमोजे घातले, काढले, नवे घातले. कुणी भिंतीवरच्या सॅनिटायझरचा थेंब घेतला, चोळत चोळत पुढे गेलं. त्याला ते बरंच वाटलं, सॅनिटायझर पुरेसं असतं. पण मग तो राउंडला आला की हे सगळे बेसिनवरच का धावतात? त्याचं उत्तर त्याला बाकड्यावर बसल्या बसल्या मिळालं. सॅनिटायझर चोळलेलं लांबून दिसत नाही. बेसिनवर उभं राहिलेलं दिसतं.

तेवढ्यात नवसाबाईनं आईच्या मायेनं त्याच्या मानेवरचा मफलर सारखा केला आणि तो सुटून खाली पडला.

आतून प्रतिभा सिस्टरांनी पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. एका सिस्टरनं दुसरीला कोपर मारलं. आणि आरतीची घंटा वाजावी तसा सगळा आयसीयू आपापली कामं टाकून बेसिनसमोर रांगेत उभा राहिला. हँडवॉशच्या बाटलीवर पंजे पडू लागले, फसफस, फसफस. ओल्या हातांनी एक जण घाईघाईनं गोटीरामबाबांकडे वळला आणि त्यांची नळी सारखी करू लागला.

धनराज काचेला नाक लावून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो हातांकडे बघत नव्हता, बाटलीकडे बघत होता. हा हँडवॉश गर्द हिरवा येतो, शेवाळासारखा. ही बाटली दुधात एक पान वाटून घालावं तशी होती. फेस धड बसत नव्हता, हातावरून पळत होता.

तो आत गेला आणि बाटलीतल्या द्रवाचा नमुना घेतला. वॉर्डातल्या बाटलीचाही.  मळक्या शर्टातल्या माणसाला काय विचारायचं हे कुणाला ठरवता येईना.

दोन दिवसांनी अलिशा मॅडमनी प्लेटा त्याच्यापुढे ठेवल्या आणि खुर्ची ओढून त्याला बसायला दिली. दोन्ही प्लेटांवर कुंकू सांडलं होतं.

*

जिन्याच्या वळणावर कुसाबाईनं चहा ओतला. धनराजनं झाकण हातात धरलं, प्यायला नाही.

"मावशी, हँडवॉशच्या बाटल्या कोण भरतं?"

"मीच की. का? कमी पडलं का आज?" तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली.

"कशा भरता?"

"चला, दावते." ती उत्साहानं उठली. चादरींच्या खोलीत कोपऱ्यात कॅन होता, तळाशी बोटभर हिरवं. तिनं भिंतीवरून आणलेली अर्धी बाटली नळाखाली धरली, भरली, कॅनमधलं चमचाभर त्यात ओतलं, अंगठ्यानं तोंड दाबलं आणि दोन्ही हातांनी खळखळा हलवली. "झाली बगा. आपन घरी शाम्पूच्या बाटलीत घालतो का नाय पानी, शेवटी शेवटी? तसंच."

धनराजनं त्याच दिवशी सकाळी घरी शाम्पूच्या बाटलीत पाणी घातलं होतं. त्याची आई घालते. प्रतिभा सिस्टर घालत असणार. महेश सरही, फक्त ते दार लावून घालत असतील. हे या राज्यात कुणी कुणाला शिकवत नाही, जन्मतःच येतं. तेवढंच, की घरची बाटली आठवड्यात संपते आणि ती कुणाच्या तोंडातल्या नळीपर्यंत जात नाही. इथं साबणातलं जंतू मारणारं औषध पाण्यानं मेलं होतं, आणि बाटली कधीच पूर्ण रिकामी होत नव्हती. लाल जंतूला बारमाही ओलं घर मिळालं होतं, आणि सगळे त्यात हात बुडवून पेशंटांकडे जात होते. स्वच्छतेसाठी.

"पण का मावशी? स्टोअरमधून नवा कॅन का नाही घेतला?"

"पंधरवड्याला एकच देतात वो. पयले पुरायचा." ती जरा लाजून म्हणाली, "तुमी रोज यायला लागला तवापासनं नाय पुरत. तुमी आला की ही सगळी धुवत सुटतात, बाटली दुपारच्या आत खलास. एकदा तुमी रिकामी बाटली बघितली, आठवतं? केवढंसं तोंड झालं तुमचं. मनात म्हनलं, ह्या पोराचं तोंड परत तसं व्हायला नको. तवापासनं एकदा बी रिकामी सापडली का तुमाला?"

"नाही."

"मग!" कुसाबाई म्हणाली. "चहा गार होतोय."

त्यानं चहा प्यायला. गार झालेला आणि गोड. तो रोज भाकरीसाठी यायचा म्हणून साबण संपायचा, साबण संपायचा म्हणून ती पाणी घालायची, आणि पाण्यातून बाबांना ताप. समान धागा खरंच तोच होता.

बाबांचा ताप वाट बघणार नव्हता. त्यानं एक चादर घेतली, मजल्यावरच्या सगळ्या बाटल्या भिंतींवरून उपटून तिच्यात घातल्या, गाठ मारली आणि गाठोडं पाठीवर टाकून भरदुपारी सगळ्या कॉरिडॉरमधून चालत निघाला. लोक बाजूला होत होते. बेसिनवर बाटल्या नव्हत्या, त्यामुळे त्याला पाहून काय करावं हे कुणाला कळेना. बरेच जण नुसतेच पाण्याखाली हात धरून उभे राहिले.

*

मीटिंग सोमवारी सकाळी होती. महेश सर, प्रतिभा सिस्टर, अलिशा मॅडम, मोठे डॉक्टर. धनराजनं रात्रभर एकच ठरवलं होतं. साबणाचं सगळं सांगायचं, नाव सांगायचं नाही.

त्यानं सांगितलं. बाटल्या पुन्हा भरायच्या पद्धतीतच खोट आहे. पुन्हा भरायच्या बाटल्या सोडून साबणाच्या एकदाच वापरायच्या बंद पिशव्या आणा. स्टोअरनं मोजून देणं थांबवा. मी जास्त फिरलो, वापर वाढला, पुरवठा वाढला नाही. अलिशा मॅडमनी प्लेटा फिरवल्या. प्रतिभा सिस्टरांनी प्लेट पाहिली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पहिल्यांदाच आवाज न करता.

"हे ठीक," महेश सर म्हणाले. "पण पाणी घातलं कुणी?"

"पद्धत अशी आहे सर, की—"

"पद्धतीला हात नसतात, धनराज. नाव सांग."

"सर, नावानं काही होणार नाही. बिस्किट घेऊ का?" तो म्हणाला. वेळ काढायला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं बशीतलं एक ग्लुकोजचं बिस्किट उचलून सबंध तोंडात घातलं.

तेवढ्यात दार ढकलून कुसाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आली. त्या दिवशी पँट्रीतला माणूस सुट्टीवर होता.

"हँडवॉशमध्ये पाणी कोण घालतं, मावशी?" सरांनी सहज विचारलं. तिला काही माहीत असेल असं त्यांनाही वाटत नसावं.

"मीच की," कुसाबाई म्हणाली. तिनं ट्रे ठेवला, पदर सावरला आणि सगळ्यांकडे बघून हसली. "एकदा बी बाटली रिकामी नाय राहू दिली, साहेब. ब्रदरना इचारा."

 सगळे धनराजकडे वळले. कुसाबाईही वळली, कौतुकाच्या अपेक्षेनं.

त्या क्षणी तो बोलला असता तर कदाचित वेगळं झालं असतं. बोलायचं काय हेही त्याला माहीत होतं. पण तोंडात सबंध बिस्किट होतं, कोरडं. त्यानं ते चावलं. गिळलं. ठसका लागला. मोठ्या डॉक्टरांनी पाठीवर थापटलं. तोपर्यंत महेश सरांनी कंत्राटदाराला फोन लावून ठेवलासुद्धा होता.

"सर, तिची चूक नाही, ती माझ्यासाठी—"

"पाणी पी, धनराज," सर म्हणाले.

कुसाबाई प्रत्येकाच्या पुढ्यात कप ठेवत होती. शेवटचा कप धनराजपुढे ठेवताना तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. केवढंसं झालेलं तोंड होतं. तेव्हा तिला कळलं असावं.

*

बंद पिशव्या आल्या. लाल प्लेटा थांबल्या. गोटीरामबाबांचा ताप उतरला, तोंडातली नळी निघाली, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "त्या कांदेवाल्या पोराला म्हणावं, झेंडूचा भाव त्यानं चुकीचा सांगितलाय." नवसाबाई घरी जाताना धनराजला ओळखून थबकली आणि म्हणाली, "मामा?" तो म्हणाला, "गेले. घरी." ती म्हणाली, "देव पावला."

महिन्याच्या मीटिंगमध्ये धनराजला गुच्छ दिला. झेंडूचा. विम्याच्या टेबलाचं कुणी नाव काढलं नाही. टाळ्या वाजवायच्या आधी सगळ्यांनी हात धुतले.

कंत्राटदारानं कुसाबाईला कामावरून काढलं नाही. त्याच्याकडे माणसं कमी होती. त्यानं तिला एका मॉलवर टाकलं. जिन्याच्या वळणावर आता एक नवा मुलगा बसायचा, कानात वायरी घालून. धनराजला पाहिलं की तो उठून हात धुवायला जायचा.

"मावशी कशी शे?" आईनं फोनवर विचारलं.

"शे," तो म्हणाला.

रविवारी तो सिटी बसनं मॉलला गेला. चहा थर्मासात भरून नेला होता. तिसऱ्या मजल्यावर खेळण्यांच्या दुकानापलीकडे स्वच्छतागृहांकडे जाणारा बोळ होता. तिथं बाहेरच्या बेसिनांशी कुसाबाई आरसे पुसत होती. नव्या कंपनीचा जांभळा गणवेश, डोक्यावर टोपी. ती बारीक दिसत होती, किंवा आरसे फार मोठे होते.

तिनं आरशातच त्याला पाहिलं.

तो हसला. तिनं फडकं खाली ठेवलं, बेसिनकडे वळली आणि हात धुवायला लागली.

त्यानं शिकवलं होतं तसे. तळवे, मग हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. काही सोडलं नाही. तो थर्मास धरून बाजूला उभा राहिला, वाढदिवसाला राहिला होता तसा.

धुवून झाल्यावर तिनं दोन्ही हात वर धरून त्याला दाखवले. "बगा. आता बराबर हाय का?"

"मावशी, मी तपासायला नाही आलो."

"मग?"

मग काय, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण तिनं ओले हात भिंतीवरच्या हात वाळवायच्या यंत्राखाली नेले, आणि ते मोठ्यानं घोंगावायला लागलं. धनराज बोलला. जे बिस्किटामुळे राहिलं होतं ते सगळं बोलला, बराच वेळ, यंत्राच्या आवाजात.

यंत्र थांबलं. "काय म्हनला?" तिनं विचारलं.

"काही नाही. चहा आणलाय."

"इथं चालत नाय चहा. सुपरवायझर लय बेकार हाय."

ती फडकं उचलायला वळणार, तेवढ्यात धनराजनं थर्मास काखेत मारला आणि स्वतःचे कोरडे हात यंत्राखाली धरले. ते पुन्हा सुरू झालं. ही यंत्रं हातावरचे जंतू सगळीकडे फुंकतात, रुग्णालयात लावू नयेत, असं त्यानं मागे स्वतः लिहून दिलं होतं. दोन पानं लिहिली होती.

कुसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमचे तर कोरडेच हायत," ती ओरडून म्हणाली.

"हो," तोही ओरडला.

तिनं बोळाच्या तोंडाशी सुपरवायझर आहे का ते पाहिलं. मग आपलेही वाळलेले हात त्याच्या हातांशेजारी आणून धरले. हात खाली असेपर्यंत यंत्र थांबत नव्हतं. दोघं तसेच उभे राहिले, गरम वाऱ्यात, आणि मागे हात धुतलेल्या लोकांची रांग वाढत गेली.